शेवटी जो बोलला, त्याचे काय झाले?

कामाच्या ठिकाणी माणसे गप्प का बसतात आणि बोलती कशी होतात, या विषयावर वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. ती थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझ्या हाताखाली चौदा जणांचा विभाग आहे. दर आठवड्याच्या बैठकीत मी सांगतो की मनात असेल ते मोकळेपणाने बोला, माझ्या केबिनचे दार सदैव उघडे आहे. सगळे माना डोलावतात. गेल्या महिन्यात एक काम मुदतीच्या दोन दिवस आधी अडले आणि तेव्हा कळले की ती अडचण तीन आठवड्यांपासून निदान पाच जणांना ठाऊक होती. मी कोणावर कधी आवाज चढवत नाही. मग ही माणसे गप्प का राहिली?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की तुमच्या विभागात याआधी कोणी अशी अडचण वेळेत सांगितली होती का, आणि सांगितली असल्यास पुढे त्या माणसाचे काय झाले. तुम्ही आवाज चढवत नाही हे चांगलेच आहे, परंतु बोलणाऱ्याला शिक्षा करण्याचे कितीतरी मार्ग आवाज न चढवताही उपलब्ध असतात. अडचण सांगणाऱ्यालाच ‘मग आता तूच बघ’ म्हणून ती निस्तरायला देणे, तो बोलत असताना घड्याळाकडे पाहणे, ‘यावर सवडीने बोलू’ म्हणून तो विषय कायमचा गाडून टाकणे, या साऱ्या शिक्षाच आहेत. त्या करणाऱ्याच्या लक्षातही राहत नाहीत, पाहणारे मात्र त्या विसरत नाहीत. बैठकीत प्रमुख काय सांगतो यावरून माणसे आपले वागणे ठरवत नाहीत. आपल्यापैकी शेवटी जो बोलला त्याच्या वाट्याला काय आले, यावरून ती ठरवतात.

गप्प बसण्यामागे एक साधा हिशेब असतो. बोलण्याचा तोटा लगेच होतो आणि तो एकट्या बोलणाऱ्याला सोसावा लागतो, तर फायदा झालाच तर पुढे कधीतरी होतो आणि तो सर्वांमध्ये वाटला जातो. शिवाय गप्प बसल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही, कारण त्या माणसाला काही माहीत होते हेच कोणाला ठाऊक नसते. असा हिशेब मांडणारा माणूस भित्रा नसून व्यवहारी असतो, आणि म्हणून त्याला धीटपणाचे धडे देण्यापेक्षा तो हिशेब बदलणे हे प्रमुखाचे काम ठरते.

या विषयाच्या अभ्यासकांनी यासाठी ‘मानसिक सुरक्षितता’ असा शब्द वापरला आहे. एडगर शाइन आणि वॉरन बेनिस यांनी तो १९६५ मध्ये संस्थांमधील बदलाच्या संदर्भात मांडला. १९९० मध्ये विल्यम कान यांनी माणूस कामात जीव ओततो किंवा अंग चोरतो ते कशावर अवलंबून असते, याची चर्चा करताना त्याला महत्त्वाचे स्थान दिले. आज आपण तो ज्या अर्थाने घेतो तो एमी एडमंडसन यांच्या १९९९ च्या शोधनिबंधातून रूढ झाला. त्यांनी एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास केला होता. आपण प्रश्न विचारला, चूक कबूल केली, मदत मागितली किंवा वेगळे मत मांडले, तर आपली शोभा केली जाणार नाही आणि ती गोष्ट पुढे आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही, असा गटातील माणसांचा सामाईक विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. यातला ‘सामाईक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हा एकेका माणसाच्या स्वभावाचा गुण नाही. एका विभागात भरभरून बोलणारी व्यक्ती दुसऱ्या विभागात गेल्यावर तोंड मिटून बसते, हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे.

मौनाची किंमत किती असू शकते याचे उदाहरण द्यायचे तर २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर झालेल्या अपघाताचे द्यावे लागेल. धुक्यात झाकलेल्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणाला निघालेल्या विमानाचा कॅप्टन हा त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि इतरांना प्रशिक्षण देणारा वैमानिक होता. त्याने घाईने वेग देण्यास सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने, नियंत्रण कक्षाची परवानगी अजून मिळालेली नाही, याची आठवण करून दिली होती. काही क्षणांनी, स्पष्ट परवानगी नसतानाच, कॅप्टन पुन्हा निघाला तेव्हा मात्र सहवैमानिकाने त्याला अडवले नाही. दुसरे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले नसावे अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली, कॅप्टनने ती ठामपणे झटकली आणि पुढे कोणी काही बोलले नाही. अपघाताला इतरही कारणे होती, जसे की धुके, विमानतळावरील गर्दी आणि एकमेकांवर आदळून अर्धवट ऐकू आलेले रेडिओ संदेश. तरीही या आणि अशा इतर अपघातांतून विमान क्षेत्राने घेतलेला धडा मोठा होता. कनिष्ठाने शंका कशी बोलून दाखवावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकून घ्यावी, याचे वेगळे प्रशिक्षण १९८० च्या दशकापासून विमानातील कर्मचाऱ्यांना दिले जाऊ लागले. तेथे कोणी ‘मोकळेपणाने बोला’ अशा पाट्या लावून थांबले नाही.

तुम्ही काय करावे? प्रथम तुमचा प्रश्न बदला. ‘कोणाला काही शंका?’ या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर ‘नाही’ हेच असते. मी स्वतः अनेक वर्षे समोरचे कागद गोळा करत करत हा प्रश्न विचारत असे आणि कोणी काही बोलत नाही म्हणून सर्व आलबेल आहे असे समजत असे. त्याऐवजी ‘या आराखड्यातला सर्वांत कच्चा दुवा कोणता?’ असे विचारा, दोन मिनिटे प्रत्येकाला कागदावर लिहू द्या आणि मग वाचायला सांगा. तुमचे मत शेवटी द्या, कारण प्रमुखाने आधी मत दिले की उरलेली बैठक त्याची री ओढण्यात जाते. वाईट बातमी आल्यावर पहिल्या काही सेकंदांत तुमच्या चेहऱ्यावर काय उमटते याकडे लक्ष ठेवा. ‘बरे झाले आज सांगितले, आता आपल्याला काय करता येईल?’ एवढे वाक्य पुरते, मात्र ते मनापासून निघाले पाहिजे. आणि त्या पाच जणांना ‘का सांगितले नाही?’ असे विचारू नका, कारण तो जाब होईल. ‘सांगणे सोपे व्हायला काय असायला हवे होते?’ असे विचारा आणि मिळालेल्या उत्तरांपैकी निदान एकावर महिन्याभरात, सर्वांना दिसेल अशी कृती करा.

राहिला तुमच्या उघड्या दाराचा मुद्दा. दार उघडे असले तरी उंबरठा ओलांडायचा असतो तो कमी अधिकार असलेल्या माणसाने, आणि तोही सर्वांच्या देखत. त्यापेक्षा तुम्हीच उठून त्यांच्या टेबलापाशी गेलेले बरे.

प्रश्न : मी एका कारखान्याचा उत्पादनप्रमुख आहे. ही सुरक्षितता वगैरे ऐकायला गोड वाटते, परंतु चूक केली तरी चालते असे एकदा माणसांना कळले की शिस्त संपते. आमच्याकडे एका चुकीमुळे माणसाचा हात जाऊ शकतो. लाड करून कारखाना चालत नाही.

उत्तर : लाडाने कारखाना चालत नाही हे अगदी मान्य. मात्र मानसिक सुरक्षितता म्हणजे लाड नव्हेत, आणि ‘चूक चालते’ व ‘चूक सांगितलेली चालते’ यांत मोठे अंतर आहे.

एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास याबाबतीत डोळे उघडणारा आहे. रुग्णालयांतील आठ विभागांत औषध देण्यातल्या चुका तपासताना, ज्या विभागांतले सहकार्य चांगले तेथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे निघाले आणि चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त आढळली. अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा, की तेथे चुका जास्त होत होत्या असे म्हणता येत नव्हते, तेथे त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात असत. तुमच्या कारखान्यातील अपघात-नोंदवहीत ‘थोडक्यात बचावलो’ अशा नोंदी फारच थोड्या असतील, तर समाधान मानण्यापूर्वी हा अभ्यास आठवावा.

तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण घ्या. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत कोणत्याही कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढून इशारा देता येतो. गटनायक तत्काळ तेथे येतो आणि ठराविक वेळेत दोष दूर झाला नाही तर ती उत्पादन-साखळी थांबते. ही लाडांची पद्धत नाही, तिच्यात गुणवत्तेची अट उलट अधिक कडक आहे. परंतु दोरी ओढणाऱ्याला पहिल्यांदा ‘कशाला थांबवले?’ म्हणून दरडावले गेले, तर त्यानंतर ती दोरी नुसती शोभेला टांगलेली राहील.

शिस्त कोठे लावायची, याची रेघ मात्र आखावीच लागते. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था विमान क्षेत्रातील चुकांच्या गोपनीय नोंदी घेते. नकळत नियमभंग झाला आणि तो वेळेत कळवला, तर दंडापासून संरक्षण मिळू शकते. गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात असेल तर हे संरक्षण मिळत नाही. असाच भेद तुम्हालाही करता येईल. नवी पद्धत करून पाहताना झालेली चूक, थकव्याने किंवा गुंतागुंतीमुळे घडलेली चूक आणि मुद्दाम सुरक्षा-जाळी काढून यंत्र चालवणे, या तीन गोष्टींना एकच शिक्षा असू शकत नाही. पहिल्या दोहोंत कारण शोधायचे असते, तिसरीत कारवाई करायची असते, आणि हा भेद चूक घडण्यापूर्वी सर्वांना सांगितलेला असावा लागतो. लपवण्याबद्दल शिक्षा आणि सांगण्याबद्दल संरक्षण, एवढे जरी तुमच्या नियमावलीत आले तरी शिस्त ढिली न होता घट्टच होईल.

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या तांत्रिक गटात मी एकटी स्त्री आहे. मी काही सुचवले की क्षणभर शांतता पसरते आणि दहा मिनिटांनी तेच एखादा सहकारी बोलला की सर्वजण वाहवा करतात. तक्रार केली तर ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ असे ऐकावे लागते. मी आवाज चढवायला शिकावे काय?

उत्तर : नाही. ज्याचे ऐकले जात नाही त्यानेच अधिक मोठ्याने बोलायला शिकावे, हा सल्ला ऐकून ऐकून मला त्याचा उबग आला आहे.

तुम्ही जे सांगता आहात ते मनाला लावून घेणे नव्हे. रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवून दिले होते की एखाद्या गटात कोणा एका प्रकारच्या व्यक्तींचे प्रमाण साधारण १५ टक्के किंवा त्याहून कमी असते, तेव्हा त्या व्यक्ती ‘व्यक्ती’ म्हणून न राहता आपल्या साऱ्या वर्गाच्या प्रतिनिधी होऊन बसतात. त्यांचे दिसणे-वागणे सर्वांच्या डोळ्यांत भरते, त्यांचे काम मात्र डोळ्यांत भरत नाही. बारा जणांत एक म्हणजे आठ टक्के झाले. तुमच्या जागी कोणीही असती, किंवा याच्या उलट प्रमाण असलेल्या गटात एखादा पुरुष असता, तरी गणित असेच मांडले गेले असते. समाजातील मान आणि अधिकार यांची जोड मिळाली की ते अधिकच तिरके होते.

एकट्याला काय जड जाते आणि दुसरा एक सोबत आला की काय बदलते, हे सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. रेघांची लांबी ओळखण्याच्या अगदी सोप्या कामात, बाकी सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की एकट्या पडलेल्या माणसांची सुमारे एकतृतीयांश उत्तरे बहुमताकडे झुकत. परंतु खरे उत्तर देणारा एकच साथीदार मिळाला की हे प्रमाण घटून आधीच्या सुमारे एकचतुर्थांश उरत असे. म्हणून माझा पहिला सल्ला असा की एक साथीदार शोधा. त्याने तुमची बाजू घेऊन भांडण्याची गरज नाही, ‘हाच मुद्दा मघाशी यांनी मांडला होता, तो त्यांनाच पुरा करू द्या’ एवढे म्हटले तरी पुरे. बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमधील स्त्री अधिकाऱ्यांनी हीच युक्ती ठरवून वापरली होती. एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तिचे नाव घेऊन तो पुन्हा मांडायचा, म्हणजे तो कोणाला हरवूही देता येत नसे आणि लाटताही येत नसे. तुम्ही स्वतः मुद्दा बैठकीपूर्वी दोन ओळींत लिहून सर्वांना पाठवू शकता. लिहिलेले सहजासहजी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

परंतु मूळ जबाबदारी बैठक चालवणाऱ्याची आहे, आणि हे उत्तर त्याला दाखवायला माझी हरकत नाही. ॲनिटा वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९९ व्यक्तींच्या लहान गटांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गटाची एकत्रित बुद्धी त्यातील सर्वांत हुशार माणसावर फारशी अवलंबून नसते, असे त्यात आढळले. जेथे बोलण्याची संधी सर्वांना साधारण सारखी मिळत होती आणि जेथे माणसे एकमेकांच्या मनाचा ठाव घेण्यात तरबेज होती, ते गट सरस ठरले. तेव्हा तुमच्या बोलण्यानंतर शांतता पसरू देणारा प्रमुख तुमच्यावर अन्याय करतोच, शिवाय आपल्या गटाला मंद करतो.

प्रश्न : आमच्या गटात नव्याने आलेल्या सहकाऱ्याला कमी ऐकू येते. आम्ही त्याला त्रास होऊ नये म्हणून लांबलेल्या चर्चांना बोलावत नाही आणि नंतर सारांश सांगतो. तो काही म्हणत नाही, पण खूशही दिसत नाही.

उत्तर : हेतू चांगला आहे, कृती मात्र वगळण्याची झाली. निर्णय ज्या खोलीत होतो तेथे तो नसतो आणि निर्णय झाल्यावर त्याला बातमी मिळते. समावेश म्हणजे काय, याची लिन शोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेली मांडणी मला फार नेमकी वाटते. माणसाला आपण या गटाचे आहोत असे वाटले पाहिजे आणि त्याच वेळी आपले वेगळेपण येथे कामाचे आहे असेही वाटले पाहिजे. वेगळेपण टाकून दिल्यावरच आत घेतले जात असेल तर ते गटात विरघळून जाणे झाले. तुमच्याकडे मात्र, वेगळेपण मान्य असूनही, माणूस बाहेरच आहे.

त्याला काय सोयीचे पडेल हे त्यालाच, एकांतात आणि दया न दाखवता विचारा. बहुधा तो साध्याच गोष्टी सांगेल. एका वेळी एकानेच बोलावे, बोलताना तोंड त्याच्याकडे असावे, विषयपत्रिका आधी मिळावी, दूरदृश्य बैठकीत बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत दाखवण्याची सोय चालू ठेवावी, झालेले निर्णय तेथेच फळ्यावर लिहिले जावेत. या सवयी लावून पाहा. ज्यांना उत्तम ऐकू येते त्यांनाही तुमच्या बैठका यापूर्वी नीट समजत नव्हत्या, असे कदाचित ध्यानात येईल.

प्रश्न : मी मनुष्यबळ विभागात आहे. आमच्या वार्षिक निनावी पाहणीत ‘येथे मोकळेपणाने बोलता येते’ या विधानाला भरघोस होकार मिळतो, तरीही चांगली माणसे सोडून जात आहेत. मोजमाप चुकते आहे काय?

उत्तर : बहुधा तीन ठिकाणी चुकते आहे.

पहिले, संपूर्ण संस्थेची सरासरी येथे फारशी कामाची नाही, कारण ही सुरक्षितता गटागटांत वेगळी असते आणि एकाच मजल्यावरच्या शेजारच्या दोन विभागांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. सरासरी पायऱ्यापायऱ्यांमधील फरकही झाकते. इंग्रिड नेंभार्ड आणि एडमंडसन यांनी २००६ मध्ये नवजात बालकांच्या २३ अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हुद्दा जितका वरचा तितकी माणसाला बोलण्याची सुरक्षितता अधिक वाटते, हे त्यात दिसले. जेथे प्रमुख स्वतःहून इतरांचे मत मागत आणि त्याची कदर करत, तेथे ही दरी कमी होती. तेव्हा तुमचा होकार कोणत्या पायरीवरून येतो ते पाहा. मात्र तीन-चार जणांच्या गटाचे आकडे वेगळे काढू नका, कारण तेथे निनावीपणा नावापुरता उरतो.

दुसरे, ‘मोकळेपणाने बोलता येते काय?’ हा प्रश्न फार मोघम आहे. एडमंडसन यांच्या मूळ मापनात सात विधाने आहेत आणि ती घटनांच्या जवळ जातात. या गटात चूक झाली तर ती तुमच्याविरुद्ध धरली जाते काय, अवघड प्रश्न येथे मांडता येतात काय, सहकाऱ्यांकडे मदत मागणे जड जाते काय, अशा धर्तीची ती आहेत. त्यांतले एक विधान असे आहे की या गटातील माणसे कधीकधी इतरांना ते वेगळे आहेत म्हणून नाकारतात. समावेश आणि सुरक्षितता यांचे दोन वेगळे उपक्रम, दोन वेगळ्या समित्या आणि दोन वेगळी भित्तिपत्रके काढणाऱ्यांनी हे एक विधान वाचावे. जो गटात उपरा आहे त्याला शंका विचारण्याचा खर्च इतरांपेक्षा जास्तच येतो, म्हणून या दोन गोष्टी एकाच दोरीचे पीळ आहेत.

तिसरी चूक पाहणीनंतरची आहे. एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकन यांनी २००० मध्ये ‘संस्थात्मक मौन’ ही कल्पना मांडली. माणसे केवळ भीतीने गप्प बसत नाहीत, बोलून काही उपयोग नाही अशी खात्री झाल्यामुळेही बसतात, हे त्यांनी त्यात पुढे आणले. मागच्या पाहणीतून काय बदलले हे कोणाला सांगता येत नसेल, तर पुढच्या पाहणीत माणसे होकाराच्या खुणा करून मोकळी होतात, तेवढाच वेळ वाचतो. पाहणीचा निकाल, त्यावर काय करणार, काय करू शकत नाही आणि का नाही, हे महिन्याच्या आत सांगा. आणि एखादी बोचरी निनावी ओळ वाचून ‘हे कोणी लिहिले असेल?’ असे जर तुमच्या वरिष्ठांनी एकदाही मोठ्याने विचारले असेल, तर ती बातमी पाहणीच्या निकालापेक्षा लवकर पसरली असणार.

सोडून गेलेल्यांना, जाऊन काही महिने झाल्यावर फोन करा. निघताना घेतलेल्या मुलाखतीत शिफारसपत्राची चिंता असते, म्हणून सगळे गोड बोलतात.

प्रश्न : नोकरीला दोन वर्षे झाली. आमचे वरिष्ठ सर्वांसमोर नावे ठेवतात, प्रश्न विचारला तर ‘एवढेही येत नाही?’ म्हणतात. एका अहवालातील आकडे चुकीचे आहेत हे मला दिसते आहे, पण बोलण्याचे धाडस होत नाही. घरची जबाबदारी माझ्यावर आहे. मी भित्रा आहे काय? आणि नोकरी सोडणे म्हणजे पळून जाणे होईल काय?

उत्तर : तुम्ही भित्रे नाही, हे वरच्या पहिल्या उत्तरात आले आहेच. बोलण्याची किंमत शून्य आहे असे मात्र मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत हवेतच भंगले आणि सात अंतराळवीर गेले. त्याच्या आदल्या रात्री, थंडीमुळे जोडांमधील रबरी कडी नीट काम करणार नाहीत असे रॉजर बॉइसजॉली आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी बजावून सांगितले होते. त्यांच्याच, म्हणजे यानाची रॉकेट बनवणाऱ्या, कंपनीच्या व्यवस्थापनाने ते डावलले. पुढे चौकशी आयोगापुढे खरे सांगितल्यावर बॉइसजॉली आपल्याच सहकाऱ्यांत एकटे पडले आणि अखेर त्यांनी ती नोकरी सोडली. १९८८ मध्ये वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठीचा मोठा पुरस्कार त्यांना मिळाला, परंतु गेलेली वर्षे पुरस्काराने भरून येत नाहीत.

म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. अहवालातील आकड्यांमुळे कोणाच्या जिवाला, आरोग्याला किंवा पैशाला इजा होणार असेल तर ते सांगितलेच पाहिजे, परंतु ते एकट्याने आणि भर सभेत सांगितले पाहिजे असे नाही. हेच आकडे आणखी कोणाला खटकतात ते पाहा आणि दोघे मिळून जा. ‘चूक आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘या ओळीतील बेरीज आणि मागच्या महिन्याची नोंद मला जुळवता येत नाही, एकदा पाहाल का?’ असे म्हणा, आणि ते लेखी कळवा, म्हणजे तारीख राहील. वरिष्ठ दाद देत नसतील तर लेखापरीक्षण, गुणवत्ता किंवा तक्रार-निवारण अशी जी दुसरी वाट संस्थेत असेल ती वापरा. काय टाळता येईल याचे दोन आकडे सोबत असले तर ऐकणाऱ्याला ‘हो’ म्हणणे सोपे जाते.

अपमानाचा प्रश्न निराळा आहे. कामाच्या ठिकाणी कोणाचाही हिंसेविना आणि छळाविना काम करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या करार क्रमांक १९० मध्ये मान्य केला आहे, आणि त्यात मानसिक इजा करणाऱ्या वागण्याचाही समावेश आहे. सतत पाणउतारा होत असेल तर तारीख, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे यांची साधी नोंद आजपासून ठेवा, आणि ती कार्यालयाच्या संगणकावर ठेवू नका. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येईल, नोंद मात्र नंतर करता येत नाही.

नोकरी सोडणे म्हणजे पळून जाणे नव्हे. फक्त दुसरी हातात आल्यावर सोडा. नव्या ठिकाणच्या मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतील, तेव्हा पगार आणि रजा विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा : ‘तुमच्या गटात अलीकडे कोणी तुमच्या निर्णयाला विरोध केला होता का, आणि मग काय झाले?’ उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो, तेही पाहा.